जहाज ‘रोम’ला लागतं, पण रोममध्ये नाही

पत्र:
मी ठाण्यात, नौपाड्यात राहते. वय ६२. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं, म्हणजे मी, यजमान, दीर आणि जाऊबाई, बार्सिलोनाहून निघणाऱ्या क्रूझवर जातोय. मार्सेल, जेनोवा, रोम, नेपल्स आणि परत बार्सिलोना. रोमच्या दिवशी जहाज सकाळी सातला धक्क्याला लागतं आणि संध्याकाळी सातला सुटतं. साडेसहापर्यंत सगळ्यांनी आत असायचं. जहाजाची रोमची सहल चौघांची मिळून इतकी महाग आहे की आकडा बघून यजमानांनी चष्मा पुसून पुन्हा बघितला. मुलगी म्हणते, तिथे स्टेशन आहे, लोकलसारखी गाडी मिळते, तुमचे तुम्ही जा. यजमान लगेच तयार. “देशातली पहिली आगगाडी ठाण्याला आली, आपल्याला रेल्वे कोण शिकवणार?” जाऊबाईंनी मात्र कुणाकडून तरी ऐकलंय की उशीर झाला तर जहाज थांबत नाही, आणि तेव्हापासून त्या म्हणतात, मी जहाजावरच बसून राहीन. त्यांना कोलोसियम बघायची फार इच्छा होती, म्हणून वाईट वाटतं. मला चालायचा त्रास नाही, तलावपाळीला रोज फेऱ्या असतात. यजमानांचा उजवा गुडघा कुरकुरतो. आम्ही आमचं आम्ही जावं का? आणि गेलो तर काय काय बघून होईल?

उत्तर:
ताई, जा. आगगाडीनेच जा. पण जाऊबाईंची चेष्टा करू नका. चौघांत जहाजाची वेळ मनावर घेतलेलं माणूस एवढं एकच दिसतंय, आणि या दिवसाची आखणी त्यांच्या भीतीपासूनच सुरू करायची आहे.

आधी जागा समजून घ्या. माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात ‘रोम’ लिहिलेलं असतं, पण जहाज रोमला जात नाही. रोम समुद्रावर नाहीच. ते टायबर नदीवर आहे आणि त्या नदीत आजची जहाजं शिरू शकत नाहीत. जहाज लागतं ते चिवितावेक्या नावाच्या बंदराला. सम्राट ट्राजनने दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला हे बंदर बांधून घेतलं आणि आजही रोमचं बंदर म्हणजे हेच. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. मुंबई दाखवतो म्हणून पाहुण्यांना नेरळला उतरवावं, तसा प्रकार. यात फसवणूक नाही, सगळ्याच कंपन्या असं लिहितात. ‘फ्लॉरेन्स’ म्हणून लिव्होर्नोला उतरवतात, ‘बँकॉक’ म्हणून लेम चाबांगला, आणि तिथून बँकॉक शंभर किलोमीटरच्या वर असतं. तुमच्या यादीतलं नेपल्स मात्र खरोखर नेपल्स आहे. तिथे जहाजातून उतरलात की समोर किल्ला आणि शहर. त्या दिवशी सल्ल्याची गरज नाही.

यजमानांना एक निरोप द्या. ठाण्याला गाडी १६ एप्रिल १८५३ ला आली, बरोबर. पण इटलीत पहिली गाडी त्याच्या चौदा वर्षं आधी, १८३९ मध्ये, नेपल्सहून पोर्तिचीला धावली होती. रोम ते चिवितावेक्या हा मार्ग मात्र १८५९ चा. म्हणजे तुम्ही त्या दिवशी ज्या मार्गावरून जाल तो ठाण्याच्या मार्गापेक्षा सहा वर्षांनी धाकटा आहे, एवढ्यावर त्यांनी समाधान मानावं.

आता जाऊबाईंच्या भीतीकडे. जहाज थांबत नाही हे त्यांनी ऐकलेलं खरं आहे. जहाजाने स्वतः विकलेल्या सहलीची बस वाटेत अडकली तर ते थांबतं, कारण ती माणसं त्यांच्या जबाबदारीवर गेलेली असतात. आपापल्या वाटेने गेलेल्यांसाठी हजारो प्रवासी आणि पुढच्या बंदराची ठरलेली वेळ अडवून धरत नाहीत. पण घाबरायचंच तर नेमकं कशाला, हे एकदा बघून घ्या. समजा जहाज सुटलं. दुसऱ्या दिवशी ते कुठे असणार? नेपल्सला. रोमच्या तेर्मिनी स्टेशनावरून नेपल्सला वेगवान गाड्या सकाळपासून रात्रीपर्यंत सुटतात आणि साधारण सव्वा तासात पोचवतात. म्हणजे तुमचं नुकसान एका रात्रीचं हॉटेल, चार तिकिटं आणि जहाजावरचं फुकटचं जेवण एवढंच. सकाळी नेपल्सच्या धक्क्यावर उभं राहायचं, जहाज स्वतःच तुमच्याकडे येईल. देशही तोच, व्हिसाचा प्रश्न नाही.

दुसऱ्या दिवशी जहाज ट्युनिसला, म्हणजे वेगळ्याच देशात, जाणार असतं, किंवा रोमनंतर थेट बार्सिलोनापर्यंत समुद्रच समुद्र असता, तर मी तुम्हाला इतक्या सहज ‘जा’ म्हटलं नसतं. आपलं आपण उतरायचं की नाही, हे त्या बंदरापेक्षा त्याच्या पुढच्या बंदरावर अवलंबून असतं. लोक हे बघतच नाहीत.

यातूनच पिशवीत काय असावं तेही ठरतं. प्रत्येकाची औषधं त्या दिवसाची आणि त्या रात्रीची. दोन वेगवेगळ्या माणसांकडे दोन वेगवेगळी बँकेची कार्डं. आणि पासपोर्ट. काही जहाजांवर पासपोर्ट सुरुवातीलाच जमा करून घेतात, तसं असेल तर आदल्या संध्याकाळी रिसेप्शनवर जाऊन विचारा आणि निदान छापील प्रत तरी जवळ ठेवा. खोलीत रोज एक कार्यक्रमपत्रिका टाकतात, तिच्यात बंदरावरच्या एजंटचा फोन नंबर असतो. त्या पानाचा चौघांनीही फोटो काढून ठेवा. चौघांनी, कारण ज्याच्या फोनमध्ये नंबर असतो त्याचाच फोन नेमका बंद पडतो.

आता वेळ. बहुतेक लोक सकाळी सातपासून पुढे मोजतात आणि म्हणतात, वा, बारा तास! तुम्ही साडेसहापासून मागे मोजा. साडेसहाला आत म्हणजे साडेपाचला जहाजाच्या शिडीपाशी, हा माझा हिशेब. एक तास राखीव, त्याला हात लावायचा नाही. बंदराच्या फाटकापासून जहाजापर्यंत शटल बसने जावं लागतं आणि संध्याकाळी तिथे रांग असते, तिला अर्धा तास धरा. स्टेशनापासून त्या शटलपर्यंत गुडघ्याच्या चालीने आणखी अर्धा तास. म्हणजे साडेचारला तुम्ही चिवितावेक्या स्टेशनावर उतरलेले हवेत. रोमहून गाडीला पाऊण ते एक तास लागतो, म्हणजे साडेतीनची गाडी. आणि तुम्ही धरायची ती त्याच्या आधीची, अडीच-तीनच्या सुमाराची, म्हणजे ती चुकली किंवा रद्द झाली तरी साडेतीनची हाताशी राहते. सकाळी कितीही चपळाई केली तरी दहाच्या आधी रोममध्ये पाय पडत नाही. बारा तासांचे उरले पाच. हे पाच तास मान्य असतील तर दिवस छान जातो. ज्यांना मान्य नसतात तेच शेवटी धक्क्यावर धावताना दिसतात.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळं एक तास मागे करतात. तुमचा आठवडा तोच आहे. फोन आपोआप बदलतो, मनगटावरचं घड्याळ बदलत नाही. जहाजावर लावलेली वेळ तीच खरी, आणि चौघांची घड्याळं तिच्याशी जुळवून घ्या.

सकाळची वाट अशी. मालवाहतुकीच्या धक्क्यांमधून पायी हिंडायची परवानगी नसते, म्हणून जहाजापासून बंदराची शटल बस घ्यायची. ती लार्गो देल्ला पाचे नावाच्या जागी सोडते. हे एक मोकळं आवार आहे. बसचे थांबे, तिकीट खिडकी, प्रसाधनगृह, आणि टॅक्सी-टॅक्सी करत मागे लागणारी माणसं. त्यांच्याशी बोलायला थांबू नका. ‘आज गाड्या बंद आहेत’ हे वाक्य जगातल्या प्रत्येक स्टेशनाच्या बाहेर कोणीतरी सांगत असतं. तिथून स्टेशनाला जाणारी गावातली बस मिळते. तुम्ही एकट्या असतात तर मी चालत जा म्हटलं असतं, वीस-पंचवीस मिनिटांची सपाट वाट आहे आणि शेवटचा भाग समुद्राच्या कडेने जातो. वाटेत बंदरावरचा जुना किल्ला दिसतो, मायकेलअँजेलोच्या नावाचा. बांधायला घेतला तो ब्रामान्ते या वास्तुकाराने, १५०८ मध्ये. पण यजमानांचा गुडघा रोमसाठी राखून ठेवायचा आहे, तेव्हा सकाळी बसच. परतताना वेळ आणि गुडघा दोन्ही शिल्लक असतील तर चाला.

स्टेशनावर तिकिटं जातानाचीच नव्हे, येतानाचीही घेऊन टाका. तुम्हाला हव्यात त्या ‘रेजोनाले’ गाड्या, थांबत थांबत जाणाऱ्या. त्यांचं भाडं आधी काढा नाहीतर आयत्या वेळी, सारखंच असतं, सीट नंबर नसतो, आणि एका बाजूचं भाडं जहाजाच्या सहलीच्या तुलनेत किरकोळ म्हणावं इतकं आहे. एक गाडी चुकली तर त्याच दिवशीची पुढची रेजोनाले चालते. दिवसभराचा एक पासही मिळतो, त्याला ‘बिर्ग’ म्हणतात. त्यात या गाड्या आणि रोमची बस-मेट्रो दोन्ही येतात. रोममध्ये बस-मेट्रो वापरणार असाल तर तो घ्या आणि विषय संपवा. फक्त वेगवान गाड्यांना तो चालत नाही.

कागदी तिकीट काढलंत तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उठवायचा. नुसतं तिकीट खिशात असणं पुरत नाही. शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड होतो, आणि तपासनीस फार गोड माणूस असला तरी पावती फाडतोच. फोनवर काढलेल्या तिकिटाला शिक्का नसतो, पण त्यालाही गाडीत बसण्याआधी चेक-इन करावं लागतं. आणि गाडीचं दार आपोआप उघडेल म्हणून उभे राहू नका, त्यावर बटण असतं, ते दाबायचं. कायम उघड्या दारांच्या लोकलमध्ये आयुष्य काढलेली माणसं तिथे हमखास दारासमोर शांतपणे उभी असतात आणि गाडी निघून जाते.

यात खरा धोका जर कुठला असेल तर तो संपाचा. इटलीत रेल्वेचे संप होतात, बऱ्याचदा शुक्रवारी, पण ते आधी जाहीर करावे लागतात. निघण्याच्या आठवड्यात ‘शोपेरो’ हा शब्द आणि तुमची तारीख टाकून मुलीला नेटवर शोधायला सांगा. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ ठरावीक गाड्या चालवाव्याच लागतात. ऐकायला बरं वाटतं. पण संध्याकाळी सहाला रोममधून निघालेला माणूस साडेसहाच्या जहाजाला काय उपयोगाचा? तेव्हा तुमच्या दिवशी संप निघाला तर रेल्वेचा बेत सरळ सोडा. त्या दिवसासाठी बहुतेक जहाजांवर एक मधला पर्याय असतो. नुसती बस, गाइड नाही, रोममध्ये सोडते आणि ठरल्या वेळी परत आणते. पूर्ण सहलीपेक्षा स्वस्त, रेल्वेपेक्षा कितीतरी महाग, रस्त्याच्या गर्दीत दीड-दोन तास खाणारी. पण ती जहाजाची बस असते, म्हणजे तिच्यासाठी जहाज थांबतं. बाकी दिवशी मी तिच्यावर पैसे घालणार नाही.

आता उतरायचं कुठे? मुलगी किंवा दुसरं कोणीही तुम्हाला तेर्मिनीपर्यंत जायला सांगेल, कारण ते मोठं स्टेशन आहे. नका जाऊ. चिवितावेक्याच्या गाड्या तिथे पंचविसाच्या पुढच्या फलाटांवर लागतात, आणि ते मुख्य स्टेशनापासून इतके लांब आहेत की तिथून बाहेर पडण्यातच दहा मिनिटं जातात. परतताना तेच अंतर उलट, धावत. तुमची गाडी तेर्मिनीच्या आधी सान पिएत्रोला थांबते. मग त्रास्तेवेरे, मग ओस्तिएन्से. व्हॅटिकन बघायचं तर सान पिएत्रो. स्टेशनातून बाहेर पडल्यावर बारा-पंधरा मिनिटांत सेंट पीटरचा चौक येतो, घुमट वाटेत दिसू लागतो, पत्ता विचारावा लागत नाही. कोलोसियम बघायचं तर ओस्तिएन्से. तिथून जोडमार्गाने पिरामिदे मेट्रो स्टेशन, निळी बी लाइन, दुसरं स्टेशन कोलोसेओ. बाहेर आलात की रस्त्यापलीकडे कोलोसियम.

दोन्ही नको. पाच तासांत एकीकडेच नीट बघून होतं. ज्यांना दोन्ही हवं असतं ते रांगेत उभे राहून एक बघतात आणि टॅक्सीच्या काचेतून दुसरं.

तुम्हा नवरा-बायकोला मी व्हॅटिकनची बाजू सुचवते. कारण साधं आहे, तिथे न ठरवता जाता येतं. चौकात जायला तिकीट नाही. बेर्निनी या शिल्पकाराने सतराव्या शतकात उभारलेले २८४ खांब दोन्ही बाजूंनी चौकाला कवेत घेतात. खांबांच्या मधल्या सावलीत बसायलाही बरं. बॅसिलिका, म्हणजे चौकातलं मोठं चर्च, तेही विनामूल्य, पण सुरक्षा तपासणीची रांग असते आणि दहाच्या सुमाराला ती भरात असते. रांग चौकाच्या अर्ध्याच्या आत असेल तर लागा, आत मायकेलअँजेलोने पंचविशीच्या आत घडवलेली पिएता, म्हणजे मेरीच्या मांडीवर मृत येशू अशी संगमरवरी मूर्ती, आहे, ती बघण्यासारखी आहे. रांग चौकाला वळसा घालून मागे गेली असेल तर एकमेकांकडे न बघता पुढे चला. बुधवारी सकाळी पोपचं जाहीर दर्शन असतं, त्या दिवशी चौक खुर्च्यांनी आणि माणसांनी भरलेला असतो, मग आत शिरायचा विचारच नको. कपड्यांचा नियम असा की खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी, पंजाबी ड्रेस, फुल पँट काहीही चालतं. दिरांना हाफ पँटचा शौक असेल तर त्या दिवसापुरता आवरायला सांगा.

चौकातून सरळ रुंद रस्ता नदीकडे जातो. त्याच्या टोकाला तो गोल किल्ला दिसतो, कास्तेल सांत आंजेलो. मुळात ती हेड्रियन बादशहाची समाधी. समोरच्या पुलावर देवदूतांच्या मूर्ती आहेत, पूल ओलांडला की जुनं रोम सुरू. पियात्झा नावोनाला कारंज्यापाशी बसा, मग आणखी पाच मिनिटांवर पॅन्थिऑन, रोमनांचं जुनं देऊळ. एवढं सगळं मिळून चालणं अडीच किलोमीटरच्या आसपास. तलावपाळीवाल्यांना ते काहीच नाही, पण जमीन तलावपाळीची नाही. रोमच्या जुन्या रस्त्यांना काळ्या दगडाचे छोटे चौकोनी ठोकळे बसवलेले आहेत, वर-खाली, पावसात निसरडे, आणि ऑक्टोबरअखेर पाऊस असू शकतो. यजमानांना जाड तळव्याचे, जुने झालेले बूट घालायला लावा. या प्रवासासाठी हौसेने घेतलेले नवे बूट जहाजावरच्या जेवणाला घालू देत.

पॅन्थिऑनला २०२३ पासून तिकीट आहे, पण ते काढाच. हेड्रियनच्या काळातला, सुमारे १२६ सालचा तो घुमट ४३ मीटर रुंद आहे, त्यात लोखंडी सळई नाही, आणि वर मधोमध उघडं भोक आहे. त्यातून पाऊस आत पडतो. आपल्याकडे नव्या इमारतीचा स्लॅब तिसऱ्या पावसाळ्यात गळतो, त्या मानाने हे बरंच म्हणायचं.

तिथून स्टेशनाकडे चालत परत जायचं नाही. दोन गल्ल्या सोडून लार्गो आर्जेंतिना आहे, रस्त्याच्या पातळीखाली उघडे पडलेले देवळांचे अवशेष. इसवी सनपूर्व ४४ मध्ये ज्युलियस सीझरला मारलं ती जागा तीच. आता तिथे मांजरं राहतात. तिथूनच ६४ नंबरची बस मिळते, ती सान पिएत्रो स्टेशनापर्यंत जाते. बस सोयीची, पण खिसेकापूंसाठी तिचं नाव सगळ्या शहरात आहे. पाकीट मागच्या खिशात नको, पर्स पुढे घ्या, पासपोर्ट कपड्यांच्या आत. आपल्या गर्दीच्या वेळच्या गाडीत जसं आपण नकळत पिशवी छातीशी धरतो, तेवढं पुरे. गर्दी फारच असेल तर अधिकृत पांढरी टॅक्सी घ्या, मीटर चालू आहे ना बघून.

खाण्यापिण्याबद्दल थोडकंच. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, रस्त्यात जागोजागी लोखंडी खांबासारखे नळ अखंड वाहत असतात, पाणी पिण्याचंच असतं. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायली तर स्वस्त, टेबलाशी बसलात की भाव वाढतो. तुमच्यात कोणी काटेकोर शाकाहारी असेल तर पार्मेजानो चीज नको म्हणून सांगा, त्यात वासराच्या पोटातलं रेनेट असतं. तुकड्यांनी विकतात तो नुसत्या टोमॅटोचा पिझ्झा सगळीकडे मिळतो आणि चालता चालता खाता येतो. जेवायला टेबलाशी बसायचं नाही. रोममध्ये बसून जेवायला दीड तास लागतो, तो आपल्या पाचांत नाही.

फोनचं एक. जहाजावर असताना फोन फ्लाइट मोडवर ठेवा. समुद्रात फोन आपोआप जहाजाच्या उपग्रहाच्या नेटवर्कला जोडला जातो आणि आपण घेतलेल्या आंतरराष्ट्रीय पॅकमध्ये ते सहसा धरलेलं नसतं. बिल घरी पोचल्यावर कळतं. धक्क्यावर उतरलात की मोड काढा.

राहिल्या जाऊबाई आणि त्यांचं कोलोसियम. ते सोडायची गरज नाही. तिथली तिकिटं वेळ ठरवून आणि नावावर मिळतात, आयत्या वेळी मिळण्याची आशा धरू नका. मुलीला आत्ताच अकरा-साडेअकराच्या सुमाराची दोन काढून ठेवायला सांगा, जाऊबाईंच्या आणि दिरांच्या नावाने. फाटकावर नावाची ओळख विचारतात, त्यामुळे पासपोर्टबद्दल वर लिहिलं ते त्यांना दुप्पट लागू. सकाळी चौघं एकाच गाडीत बसा. तुम्ही दोघं सान पिएत्रोला उतरा, ते दोघं तसेच पुढे ओस्तिएन्सेला जातील. परतताना हेच उलट. ती गाडी आधी ओस्तिएन्सेला थांबते, मग सान पिएत्रोला, म्हणजे जाऊबाई तुमच्या आधी गाडीत बसलेल्या असतील. त्यांनी चढल्या चढल्या फोन करायचा, पुढून कितवा डबा ते सांगायचं, आणि तुम्ही फलाटावर त्याप्रमाणे उभं राहायचं. कोलोसियमहून दुपारी दीडला बाहेर, हे दिरांना बजावून ठेवा. जाऊबाईंना बजावावं लागणार नाही, त्या एक वाजताच बाहेर येऊन उभ्या असतील.

आणि कुठल्याही जोडीची ती गाडी चुकली, तर दुसऱ्या जोडीने खाली उतरून वाट बघायची नाही. मागच्यांनी पुढची गाडी धरायची, पुढच्यांनी चिवितावेक्याला स्टेशनाच्या दारात थांबायचं, तेही फक्त एका गाडीपुरतं. तिच्यातूनही ते उतरले नाहीत तर दोघांनी जहाज गाठायचं आणि रिसेप्शनवर खोली नंबरासह सांगायचं. उरलेले दोघं नेपल्सला भेटतील.